रस्सा पातळ म्हणणारा आणि रस्सा घट्ट म्हणणारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. साताऱ्याजवळ, हायवेपासून थोडी आत, तुमच्या वडिलांची ३० वर्षांची खानावळ आहे. गूगलवर ६० रिव्ह्यू आहेत, सरासरी ३.७. गेल्या महिन्यात तीन वाईट रिव्ह्यू आले. एकाने लिहिलं, 'रस्सा अति तिखट, अस्सल चव नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'ताक आंबट, डोक्यावरचा पंखा बंद, आणि सांगायला गेलो तर गल्ल्यावरचे काका अंगावर आले.' तिसऱ्याने नुसता एक स्टार दिला, शब्द एकही नाही. वडील म्हणतात, ज्यांना घरी कुकर लावता येत नाही त्यांनी मला रस्सा शिकवू नये. त्यातच एक पोरगा पाच-पाच स्टारचे ४० रिव्ह्यू विकायला येऊन गेला. तुमचा प्रश्न असा, की स्वयंपाकातलं काही न कळणाऱ्या सामान्य माणसाच्या रिव्ह्यूला किंमत द्यायची की नाही?

मी मूळचा कोल्हापूरचा. पुण्यात आधी चार वर्षं मेस चालवली, आता २२ वर्षं थाळीचं हॉटेल आहे. मी आचारी नाही, गल्ल्यावरचा माणूस आहे, म्हणजे तुमच्या दुसऱ्या रिव्ह्यूतल्या काकांच्या जातीचा. मीही अंगावर गेलेलो आहे. तेव्हा वडिलांचा राग मला परका नाही, आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. गिऱ्हाइकाला स्वयंपाकातलं कळत नाही. पण आपल्या ताटात काय आलं ते त्याला कळतं. ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकच धरली की आपण एक तर सगळे रिव्ह्यू डोक्यावर घेतो, नाहीतर सगळे कचऱ्यात टाकतो.

माझ्याकडचा एक प्रसंग सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी पंधरा दिवसांत तांबड्या रश्श्याबद्दल चार तक्रारी आल्या. दोघांचं म्हणणं, रस्सा पाण्यासारखा, पाणी घालून वाढवलाय. दोघांचं म्हणणं, रस्सा घट्ट, पिठूळ आणि खारट. मी ते चारही रिव्ह्यू भटारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवले. वस्ताद, म्हणजे आमचे मुख्य आचारी, हसले, मीही हसलो. एकाच पातेल्यातला रस्सा एकाला पातळ आणि एकाला घट्ट कसा लागेल? लोकांचं काही खरं नाही, असं म्हणून विषय संपवला.

संपवला तो मी. मुलीनं संपवला नाही. ती तेव्हा कॉलेजात होती, संध्याकाळी हिशेबाला बसायची. तिनं रिव्ह्यू पुन्हा वाचले आणि फक्त वेळा शोधल्या. 'पाण्यासारखा' म्हणणाऱ्या एकाने बिलाचा फोटो टाकला होता, त्यावर १२:४१ वाजले होते. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आम्ही गेलो तेव्हा हॉटेल नुकतंच उघडलं होतं.' घट्ट म्हणणाऱ्यांपैकी एक जण 'बंद व्हायच्या वेळी कसंबसं टेबल मिळालं' असं म्हणत होता. चौथ्याच्या रिव्ह्यूत वेळ नव्हती, पण फोटोत मागची टेबलं रिकामी आणि खुर्च्या उलट्या घातलेल्या दिसत होत्या.

मग आम्ही दुपारभर पातेल्यापाशी उभे राहिलो. खोबऱ्या-तिळाचं वाटण जड, ते तळाला बसतं. तर्री वर येते. आमचा जुना वाढपी प्रत्येक वाटीला पळी तळापर्यंत नेऊन एकदा फिरवायचा. तो सुगीला गावी गेला होता. त्याच्या जागी आलेला पोरगा वरच्यावर पळी बुडवायचा, कारण पळीच आखूड होती आणि वाफेनं हात भाजायचा. पहिल्या तासाला येणाऱ्यांना वरचं पाणी आणि तर्री मिळे. तीन वाजता येणाऱ्याला तळाचं वाटण मिळे, तेही मंद आचेवर तीन तास आटून खारट झालेलं. चौघांनी खरं तेच लिहिलं होतं. 'पाणी घालून वाढवलाय' हे मात्र खोटं होतं. एक थेंब पाणी कोणी घातलं नव्हतं.

उपाय दोन झाले. लांब दांड्याची पळी आणली. आणि दर तासाला थोडी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, घालून रस्सा सारखा करायचा असं ठरवलं. वस्तादांच्या हाताला काही झालं नव्हतं. मी त्यांना काही बोललो असतो तर उगाच एक चांगला माणूस गमावला असता.

दवाखान्यात पेशंट 'पोटात दुखतंय' म्हणतो ते डॉक्टर मानतो. 'अपेंडिक्स असणार' म्हणतो ते मानत नाही, तपासतो. रिव्ह्यू मी तसाच वाचतो. दुखतंय ते त्याचं, कारण शोधायचं काम माझं. तुमच्या वडिलांना राग येतो तो लोकांच्या निदानाचा, आणि तो यावाच. पण निदान खोडताना दुखणंही खोडलं जातं, तिथं आपलं नुकसान होतं.

आता साध्या गिऱ्हाइकाच्या कुठल्या शब्दावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो? पदार्थ गार आला. किती वेळ थांबलो. बिलात चूक झाली. भाकरी चिवट होती. टेबल चिकट होतं. संडास घाण होता. वाढपी परत फिरकलाच नाही. या गोष्टींना तज्ज्ञ लागत नाही. उलट तज्ज्ञाला त्या नीट दिसतच नाहीत, कारण ओळखीचा खाद्यसमीक्षक आला की आपण स्वतः टेबलाशी उभे असतो आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात जाते. मंगळवारी दुपारी पावणेतीनला, अर्धा स्टाफ जेवायला बसलेला असताना, आपलं हॉटेल कसं चालतं हे फक्त अनोळखी गिऱ्हाईक सांगू शकतं. तसा तपासनीस पगारी ठेवायचा म्हटलं तर आपल्याला परवडायचा नाही.

कुठे विश्वास कमी ठेवतो? 'अस्सल' या शब्दावर. मिसळीचंच घ्या. कोल्हापूरचा माणूस झणझणीत कट आणि सोबत ब्रेडचे स्लाइस यावर वाढलेला. पुण्यात मिसळीत पोहे निघाले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. पुण्याचा माणूस कोल्हापुरात कान लाल करून बाहेर येतो आणि 'फक्त तिखटजाळ, चव नाही' लिहितो. नाशिककर दोघांकडे पाहून पापड कुठाय विचारतो. तिघांच्या स्टारांची सरासरी काढली तर ती कोणत्याही मिसळीची होत नाही. तुमच्या पहिल्या रिव्ह्यूतला 'अस्सल चव नाही' हा भाग म्हणूनच सोडून द्या. 'अति तिखट' मात्र सोडू नका. तिखट कमी करा असं मी म्हणत नाही, तुमचे रोजचे लोक त्यासाठीच येतात. पण मुंबईहून आलेल्या, बरोबर लहान पोर असलेल्या माणसाला ताट येईपर्यंत ते कळलं नाही, ही चूक आपली. ऑर्डर घेताना 'रस्सा आमच्याकडे तिखट असतो, वेगळ्या वाटीत देऊ का?' एवढं विचारायला सांगा. आम्ही हे सुरू केल्यावर तिखटाची तक्रार जवळपास थांबली. रस्सा होता तसाच आहे.

पोट बिघडल्याचा रिव्ह्यू आला तर ते प्रकरण वेगळं. माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि ते चुकीचंही असू शकतं. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातानं उलट्या झाल्या तर त्या एक ते सहा तासांत होतात, पण साल्मोनेलासारखा जंतू त्रास द्यायला कधी सहा तास घेतो, कधी काही दिवस. तरी 'आमच्याकडचं नसणार' असं उत्तर मी कधी देत नाही. त्या दिवशीचा भात किती वाजता झाला, रस्सा ६० अंशांच्या वर राहिला का, उरलेलं काय फ्रिजात गेलं, हे तपासतो आणि माणसाला फोन करतो. दोन वेगवेगळ्या टेबलांवरून एकाच दिवसाची अशी तक्रार आली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच.

ताऱ्यांचा आकडा मला सगळ्यात कमी सांगतो. न्यूयॉर्कमध्ये झगाट नावाच्या जोडप्यानं १९७९ मध्ये मित्रमंडळींकडून हॉटेलांचे गुण मागवायला सुरुवात केली. पुढे त्याचं मोठं गाइड झालं. सामान्य जेवणाऱ्यांच्या मतांवर चाललेलं ते बहुधा सगळ्यात नावाजलेलं गाइड. त्यांनी एक शहाणपण केलं: जेवण, सजावट आणि सेवा यांना ३० पैकी वेगवेगळे गुण. आपल्याकडे पाच तारे म्हणजे सगळ्याचं कालवण. पार्किंग मिळालं नाही म्हणून तीन, यूपीआय चाललं नाही म्हणून दोन, बायकोशी भांडण झालं म्हणून एक. पार्सलवाल्यांचे तर आणखी निराळे. फॉइलमध्ये अर्धा तास राहिलेल्या भाकरीचं चामडं होणारच. तो रिव्ह्यू भाकरीपेक्षा रस्त्यावर जास्त आहे. (यावर आम्ही पार्सलला भाकरीऐवजी चपाती सुचवायला लागलो. म्हणजे तोही रिव्ह्यू फुकट गेला नाही.) म्हणून मी तारे बघत नाही, वाक्यं वाचतो. वाक्य नसलेला तुमचा तिसरा रिव्ह्यू विसरून जा. त्यात तपासण्यासारखं काही नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. माझ्या मेसच्या काळात रिव्ह्यूची मला काडीची गरज नव्हती. रोजचे ७० मेंबर होते. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिला मेंबर हात धुतानाच ओरडायचा आणि दुसऱ्या पंगतीच्या आत दुरुस्ती व्हायची. ज्या खानावळीचं गिऱ्हाईक रोज तेच, तिथं रिव्ह्यू तोंडावर मिळतो. हायवेवरच्या हॉटेलाचं तसं नाही. तिथं येणारा पुन्हा येईलच असं नाही, म्हणून तो तोंडावर बोलत नाही. पैसे देतो, 'छान होतं' म्हणतो आणि गाडीत बसल्यावर लिहितो. पुढचा येणाराही अनोळखीच, त्याला विचारायला दुसरं कोणी नाही. अमेरिकेत सिएटलच्या हॉटेलांवर मायकेल लुका या अभ्यासकानं काम केलं, २०११ मध्ये ते बाहेर आलं. येल्प या रिव्ह्यूच्या वेबसाइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं त्यात दिसलं. पण हे फक्त स्वतंत्र हॉटेलांत, साखळीतल्या हॉटेलांना काही फरक पडत नव्हता. मला त्यात नवल वाटलं नाही. साखळीच्या दुकानात काय मिळणार हे माणसाला आधीच माहीत असतं. तुमच्या पाटीवर फक्त वडिलांचं नाव आहे. बंगळूर हायवेवरून जाणाऱ्याला ते नाव म्हणजे काहीच नाही. सिएटलचे आकडे साताऱ्याला जसेच्या तसे लावू नका, दिशा मात्र तीच धरा.

तुमची अडचण अशी की तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. तुम्ही लिहिलंय, गावातल्या एकानेही रिव्ह्यू दिलेला नाही. म्हणजे तुमचा ३.७ हा आकडा सगळा वाटसरूंचा आहे. ३० वर्षं येणारे लोक त्यात नाहीतच. त्यांना लिहायला सुचत नाही, कारण रोजच्या जेवणाबद्दल कोण लिहितं? लिहितो तो फार खूश झालेला किंवा फार चिडलेला.

मग ते ४० रिव्ह्यू विकत घ्यावेत का? आधी हिशेबच करू. ६० गुणिले ३.७ म्हणजे २२२. त्यात ४० पाच-स्टार म्हणजे आणखी २००. एकूण ४२२ भागिले १००, म्हणजे ४.२. मोह होणारच. आता दुसरा हिशेब. २० खऱ्या गिऱ्हाइकांनी पाच दिले, तर ३२२ भागिले ८०, साधारण ४.०. फरक दोन दशांशांचा. पहिल्यात पैसे जातात आणि 'सुपर फूड गुड सर्व्हिस' अशी, एकाच आठवड्यात आलेली, कधी साताऱ्याला न आलेल्या नावांची रांग लागते. ती तुमचं गिऱ्हाईक तीस सेकंदांत ओळखतं. आणि समजा नाही ओळखली, तर ४.२ बघून आलेला माणूस बंद पंख्याखाली आंबट ताक पिणार आणि अधिक चिडून लिहिणार. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या माणसानं आपल्या बागेतल्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझर या तशाच वेबसाइटवर नोंदवलं आणि खोट्या रिव्ह्यूंवर तिला शहरात पहिल्या क्रमांकाला नेलं. तिथं हॉटेलच नव्हतं. म्हणजे आकडा विकत मिळतो, यात शंका नाही. पण त्याला गिऱ्हाईक नको होतं, तुम्हाला हवंय. आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे उद्या कोणी दारात येईल असं नाही. गूगलनं पकडलं तर मात्र रिव्ह्यू उडतात, कधी खरेही त्यात जातात.

खरे २० कसे मिळवायचे? लोकांकडे मागून. फक्त दोन गोष्टी पाळा. बदल्यात काही देऊ नका, सोलकढी फुकट वगैरे अजिबात नाही, ते गूगलच्या नियमांत बसत नाही. आणि खूश दिसणाऱ्यालाच मागू नका, सगळ्यांना मागा. आम्ही बिलावर एकच ओळ छापतो: 'काय आवडलं, काय राहिलं, लिहून कळवा.' 'काय राहिलं' हे शब्द मुद्दाम आहेत. जुन्या एसटी कॅन्टीनमधली पाटी आठवते का, तक्रार वही व्यवस्थापकाकडे मागावी? ज्याची तक्रार करायची त्याच्याकडेच वही मागायची. कोण मागणार? ती वही कोरीच राहायची आणि व्यवस्थापक समजायचा की सगळं उत्तम आहे.

उत्तर देण्याबद्दल एवढंच सांगतो, की ते चिडलेल्या माणसासाठी लिहू नका, पुढे वाचणाऱ्यासाठी लिहा. मी एकदा एकाला 'आपल्यासारख्यांसाठी शेजारी पिझ्झा मिळतो' असं उत्तर दिलं होतं. मित्रांनी टाळ्या दिल्या. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट दोन वर्षं फिरत होता. पुणेरी पाटी भिंतीवर खपते, रिव्ह्यूखाली ती दातात अडकते. दोन ओळी पुरतात: काय झालं ते तपासलं, काय बदललं. चूक आपली नसेल तर तेही सांगावं, पण आवाज न चढवता. उघड खोटा रिव्ह्यू असेल, म्हणजे खानावळ बंद होती त्या दिवशीचा वगैरे, तर तो रिपोर्ट करा. निव्वळ वाईट आहे म्हणून गूगल तो काढत नाही, काढूही नये.

आमच्याकडे अजून एक साधी वही आहे. त्यात रिव्ह्यूतलं फक्त झालेलं लिहायचं: तारीख, कळली तर वेळ, काय झालं. कारण लिहायचं नाही, स्टार लिहायचे नाहीत, गिऱ्हाइकाचा स्वभाव तर अजिबात नाही. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी वाढायला आणि भट्टीवर कोण होतं ते. एकदा आलेली गोष्ट नुसती राहू देतो. महिन्यात तीनदा आली की उठून बघतो. अपवाद पोट बिघडल्याचा आणि बाईमाणसाशी कोणी वावगं वागल्याचा. तिथं एकदाच पुरे.

तुमच्या दुसऱ्या रिव्ह्यूवर आता येतो, कारण तीनपैकी तोच कामाचा आहे. ताक सकाळी किती वाजता घुसळता आणि दुपारी दोनपर्यंत कुठे ठेवता? साताऱ्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं ताक दोन-तीन तासांत चढतं. वडील सकाळी चाखतात तेव्हा ते गोडच असणार, म्हणून त्यांना ही तक्रार खोटी वाटते. उद्या अडीच वाजता त्यांच्याच हातात एक पेला द्या, काही न सांगता. पंखा कुठल्या टेबलावरचा ते वाढप्यांना विचारा. त्यांना माहीत असतं, आणि ते गिऱ्हाइकाला मुद्दाम तिथं शेवटी बसवत असतात. अंगावर जाण्याचं वडिलांना तुम्ही सांगू नका, मुलाचं ऐकून कोणी बदलत नाही. दुपारी एक ते तीन गल्ल्यावर तुम्ही बसा आणि त्यांना पातेल्यापाशी राहू द्या. तिथं त्यांना गिऱ्हाईक दिसत नाही आणि रस्साही सारखा राहतो.

तो रिव्ह्यू विकणारा पुन्हा आला तर त्याला थाळी वाढा आणि पैसे पूर्ण घ्या. जाताना ताक कसं होतं तेवढं विचारा.